गाण्याखाली गेलेला आवाज

गलतीमामूंच्या शेजारी बसून सिनेमा पाहणं ही शिक्षाच होती. नायक दोरीच्या पुलाला लटकलेला आहे, खाली मगरी आ वासून आहेत, पूल एका बाजूने उसवत चाललाय, आम्ही सगळे श्वास रोखून बसलोय, आणि हे गृहस्थ खुर्चीतून उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवणार. "मनगट पाह्य. आता घड्याळ होतं, आता नाई." झालं. मगरी राहिल्या बाजूला. मग कॅसेट मागे घ्यायची, घड्याळ होतं ते पाहायचं, पुढे घ्यायची, घड्याळ नव्हतं ते पाहायचं, आणि सगळ्यांनी मान डोलावून ‘हो, खरंच’ म्हटल्याशिवाय तो पूल काही तुटायचा नाही.

त्यांचं नाव नजीर. अनसिंगच्या बाजारओळीत आमच्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागे दोन खोल्यांचं घर. पासपोर्ट फोटो, लग्नांची शूटिंग, आणि एका मांडणीत भाड्याने द्यायच्या सिनेमाच्या कॅसेटी, असा सगळा संसार. घरात त्यांची बोली उर्दूकडे झुकलेली, पण आमच्याशी बोलताना मामू आणि मामी दोघंही आमच्यापेक्षा जास्त वऱ्हाडी. ‘गलतीमामू’ हे नाव ओळीतल्या कुणीतरी चिडून ठेवलं असणार, पण त्यांना ते आवडलं होतं. नवीन माणसाला ते स्वतःच सांगत, नजीरभाई म्हणून विचारलं तर कोणी पत्ता सांगणार नाही.

सिनेमा त्यांना फक्त साहसाचा लागे. खजिना शोधणारे, जंगलात वाट चुकलेले, बुडत्या जहाजावरचे, वाळवंटात उंटावरून पळणारे. बहुतेक परदेशी, हिंदीत बोलणं बसवलेले. रडारडीच्या आणि प्रेमाच्या सिनेमांना ते हात लावत नसत. दोन माणसं एका जागी बसून बोलतात, त्यात कसली गलती सापडणार, असं त्यांचं म्हणणं. साहसाचा सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढलेला असतो. नदी एका देशातली, गुहा दुसऱ्या देशातली, गुहेचं दार स्टुडिओतलं. एवढं सगळं जोडायचं म्हटलं की कुठे ना कुठे टाका उघडा पडणारच, आणि तो टाका शोधण्यात मामूंना जो आनंद होई तो खजिना मिळालेल्या नायकालाही होत नसावा.

त्यांनी दाखवलेल्या चुका मला अजून आठवतात, सिनेमांच्या गोष्टी मात्र आठवत नाहीत. नदीतून निथळत बाहेर आलेल्या माणसाचे केस पुढच्याच क्षणी कोरडे ठणठणीत. गालावरची जखम उजवीकडून डावीकडे गेलेली. पेटती मशाल गुहेत शिरताना वीतभर उरलेली आणि बाहेर येताना पुन्हा हातभर लांब. ज्या वाळवंटात आजवर माणसाचं पाऊल पडलं नाही असं म्हातारा सांगतो, त्याच्या मागे वाळूत मोटारीच्या चाकांचे पट्टे. हजार वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या दंडावर लस टोचल्याची खूण. ही शेवटची चूक पकडली तेव्हा मामूंनी त्या आनंदात ओळीतल्या सगळ्यांना चहा पाजला होता.

पडद्यामागच्या गोष्टींचंही त्यांना तसंच वेड. कुठल्याशा मासिकातून, केबलवरच्या कार्यक्रमांतून, पुढे सीडीत शेवटी ‘शूटिंग कसं झालं’ दाखवत त्यातून त्यांनी ते जमवलं होतं. डोंगरावरून गडगडत येणारी धोंड पोकळ असते, दोन माणसं ती काखेत मारून नेतात. माणूस गिळणारी दलदल म्हणजे भिजवलेला भुसा. आरशातून आरपार उडी मारली तर तो आरसा साखरेचा. माझा धाकटा भाऊ एकदा धोंडीखाली सापडलेल्या म्हाताऱ्यासाठी रडत होता, त्याला मामूंनी ही पोकळ धोंडीची गोष्ट सांगितली. त्याचं रडणं थांबलं. पण फसवणूक झाल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

मला त्यांनी वेगळ्या तऱ्हेने वाचवलं. एका सिनेमात अंधाऱ्या रानातून घोडेस्वार येत, आणि ते रान पाहिलं की मी आईच्या मागे लपायची. मामूंनी चित्र थांबवलं आणि मला जवळ बोलावून घोड्याच्या पायाखाली बोट ठेवलं. सावली घोड्याच्या पोटाखालीच पडली होती, काळी, आखूड. "रात नाई हे, बेटा. भर दुपारी काढलं, कॅमेऱ्यावर निळी काच लावून. दुपारले कायले भ्याचं?" तेव्हापासून मला सिनेमातल्या कुठल्याच रात्रीची भीती वाटली नाही. तेव्हापासून तशी मजाही आली नाही, हेही खरं.

मामी या सगळ्याला कंटाळलेली असे. तिला खजिना सापडायला हवा असे. भाजी निवडत, पदर दाताखाली धरून ती सिनेमा बघे, आणि मामू उठून काचेकडे निघाले की तिचा आवाज येई. आवाज घोगरा, जाड, सर्दी झाल्यासारखा. "बसा खाली. तुमी जन्नतमंदी गेले तरी तिथीसाबी गलती काहाडसान." मामू बसत. थोड्या वेळाने पुन्हा उठत. मी त्या दोघांना कधी भांडताना पाहिलं नाही, हे एवढं सोडून.

मामी नुसती घर सांभाळणारी नव्हती. त्यांच्या धंद्यात तिचा अर्धा वाटा होता. गावोगावच्या लग्नांत बायकांच्या खोलीत कॅमेरा घेऊन कोण शिरणार हा प्रश्न असे. मुसलमानांच्या घरी तर परक्या पुरुषाने तिकडे जाण्याचा सवालच नव्हता, पण आमच्याकडेही हळदीला, चुडा भरताना, नवरी सजवताना आयाबाया अवघडत. मामूंनी मामीला कॅमेरा शिकवला. मंडपात मामू आणि आत मामी, अशी त्या दोघांची जोडी अनसिंग, मेडशी, शिरपूर, सगळीकडे माहीत होती. आत गेल्यावर मामी नुसती शूटिंग काढत नसे. नवरीची नथ सरळ करी, तिला पाणी पाज म्हणून बहिणीला दटावी, रडणाऱ्या आईला हाताला धरून बाजूला बसवी, आणि हे सगळं एका डोळ्याला कॅमेरा लावून.

आणि मामू तर लग्नालाही साहसाच्या सिनेमासारखंच वागवत. टाका उघडा पडता कामा नये. शिरपूरच्या एका लग्नात त्यांनी वरातच थांबवली. नवरदेव देवळातून निघाला तेव्हा गळ्यात झेंडूचा हार होता, मंडपाच्या दाराशी आला तोवर कुणा मावशाने तो काढून गुलाबाचा घातला. मामू वाजंत्र्यांच्या पुढे उभे. झेंडूचा हार आणा, नाहीतर घोडा पुन्हा देवळापासून आणा. नवरदेवाचा बाप संतापला, पाहुणे हसले, घोडेवाला बिडी पेटवून खाली बसला. शेवटी झेंडूचा हार एका पोराच्या गळ्यात सापडला. त्या घरची कॅसेट मी पुढे पाहिली आहे. झेंडू शेवटपर्यंत झेंडूच आहे.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत होती, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. तेव्हा सगळेच शूटिंगवाले तसंच करत. मिक्सिंगला बसलं की लग्नातला मूळ आवाज पुसून टाकायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी भरायची. हळदीला हळदीचं गाणं, वरातीला नाचाचं, पाठवणीला रडवणारं. मूळ आवाज म्हणजे मामूंच्या लेखी कचरा. जनरेटरची धडधड, आचाऱ्याच्या शिव्या, हरवलेल्या पोरांची रडारड. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची. एका लग्नावर दुसरं लग्न चढे आणि खालचं पुसलं जाई.

माझ्या लग्नात मात्र मामूंचा हात चुकला. गडबड असेल, वीज गेली असेल, कसं ते त्यांना स्वतःलाही कधी कळलं नाही. पाठवणीच्या आधी मी आतल्या खोलीत मान खाली घालून बसलेय, एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आत मधली थोडी जागा उघडी राहिली. त्या जागेत जनरेटर ऐकू येतो, कुणाचं तरी खोकणं ऐकू येतं, आणि मग अगदी जवळून मामीचा घोगरा आवाज. "डोये पूस आधी. मंग पाहशीन तं वाटन, पोट्टी दिवसभर रडतच होती." मी वर बघते, हाताच्या पाठीने डोळे पुसते आणि हसते. लगेच गाणं सुरू.

आमच्या घरी ही जागा सगळ्यांची लाडकी. मी माहेरी आले की बाबा कॅसेट लावत, आणि ती जागा आली की मागे घेऊन पुन्हा ऐकवत. मामू तेव्हा समोर असले तर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाची एकच चूक, आणि ती शेजाऱ्याच्या घरी, दर दिवाळीला वाजणारी. द्या इकडे, दुरुस्त करून देतो, असं ते कितीदा म्हणाले असतील. बाबा हसून कॅसेट कपाटात ठेवत.

पुढे कॅसेटी चालवणारी यंत्रं बंद पडू लागली. मामूंनी गावातल्या सगळ्यांच्या कॅसेटी गोळा केल्या आणि एकेक करून सीडीवर उतरवून दिल्या. आमचीही गेली. सीडी घेऊन मामू आणि मामी दोघंही आमच्या घरी आले होते, मीही सुट्टीला आलेले. पाठवणी जवळ आली तसे बाबा पुढे सरकून बसले. आणि त्या जागी सनई वाजली. मी पडद्यावर वर बघितलं, डोळे पुसले, हसले. नुसती सनई. मामू विजयी चेहऱ्याने म्हणाले, आता सापडते का गलती, पाहा. मामी हसली. "बरं झालं बापा, माहा घोगरा आवाज गेला एकदाचा." चहा झाला, विषय संपला. जिवंत माणसाचा आवाज गेला म्हणून कोण हळहळतं?

उतरवून झालेल्या त्या कॅसेटी कुणीच परत मागितल्या नाहीत. स्टुडिओत पोत्यांत भरून पडल्या होत्या. मेडशीचे किसनभाऊ मामूंच्या ओळखीचे शेतकरी. आमच्याकडे शेतात कॅसेटची फीत ताणून बांधतात. वारा आला की ती थरथरते, उन्हात चमकते, आणि तिच्या गुणगुण आवाजाने पाखरं ज्वारीवर बसत नाहीत. किसनभाऊ तेवढ्यासाठी आले आणि मामूंनी पोती त्यांच्या बैलगाडीत टाकून दिली. चांगल्या कामाला लागतील म्हणून त्यांना बरंच वाटलं. अख्ख्या गावाची लग्नं अशी मेडशीच्या रानात गेली.

मामी गेली ती अचानक. सकाळी दूध तापवत होती, छातीत दुखतंय म्हणाली, वाशीमला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांची एकुलती मुलगी सबा, अकोल्याला दिलेली, ती पोचायच्या आत मामीचा चेहरा झाकलेला होता. मी वाशीमलाच शाळेत शिकवते, म्हणून दवाखान्यात मीच आधी पोचले. मामू बाकावर बसले होते. मला म्हणाले, तिने गॅस बंद केला होता की नाही ते बघायचं राहिलं.

त्यानंतरच्या महिन्यांत मामूंनी चुका काढणं सोडलं. स्टुडिओत टीव्ही चालू असे, कुठला तरी खजिन्याचा सिनेमा, आवाज बंद करून. समोर जखम या गालावरून त्या गालावर जाई आणि मामू बघत राहत. धंदाही उरला नव्हता, लग्नात आता ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. एका रविवारी मी गेले तेव्हा ते म्हणाले, "फोटो हायेत तिचे. थोडे हायेत, पन हायेत. आवाज नाई." मला आधी कळलं नाही. मग हळूहळू कळलं. मामीजवळ शेवटपर्यंत बटणांचा फोन होता. सबाशी बोलणं रोजचं, पण ते कुणी जपून ठेवलं नव्हतं. सबाच्या लग्नाची कॅसेट मामूंनीच केलेली, तिच्यात गाण्यांना कुठेही फट नव्हती. आणि एवढी वर्षं, एवढ्या लग्नांत, कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून मामी बोलत होती, आणि तिचं प्रत्येक वाक्य मामूंनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. ज्यांनी त्यांच्याकडून सीडी करून घेतली नव्हती, ज्यांच्या पेटीत जुनी कॅसेट पडून असेल, अशी घरं ते आठवून आठवून काढत आणि एसटीने जात, गाण्यांमध्ये कुठे तरी फट राहिली असेल या आशेने. लोक मान देत, चहा देत, पेट्या उघडून दाखवत. शिरपूरच्या त्या झेंडूवाल्या घरी कॅसेट निघाली. तिच्यावर पांढरी बुरशी होती. मामूंनी कापसाने, धीराने, ती सगळी पुसली आणि जुनं यंत्र दुरुस्त करून लावली. मी शेजारी होते. गाण्यामागून गाणं, वरात, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. बायकांच्या खोलीत मामी काढतेय हे कॅमेऱ्याच्या हलण्यावरून कळत होतं, नवरी तिच्याकडे बघून काहीतरी उत्तरही देते, पण वर गाणं. शेवटपर्यंत बघून मामू म्हणाले, "एकबी गलती नाई केली मी, नंदा."

उरली माझी कॅसेट. सनई चढली होती ती सीडीवर, कॅसेटवर नाही. तिच्यात आवाज होता हे त्यांना माहीत होतं, मलाही. आणि ती मेडशीला होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत गेले. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर डोक्याएवढी झालेली, आणि पलीकडे ज्वारीच्या तुकड्यावर फिती ताणलेल्या. उन्हाने त्यांचा काळा रंग तांबूस झाला होता. वारा येत होता आणि त्या गुणगुणत होत्या. मामू त्यांच्याखाली जाऊन उभे राहिले, एक फीत दोन बोटांत धरली. कोणाचं लग्न असेल हे, असं त्यांनी मला विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. किसनभाऊ बिचारे ओशाळले. सोडून देतो म्हणाले. मामूंनी नको म्हटलं, पाखरं बसतील.

किसनभाऊंच्या कोठ्यात, बैलांच्या गव्हाणीमागे, उरलेलं एक पोतं होतं. उंदरांनी त्याची चाळण केलेली. त्यातून मामू एकेक कॅसेट काढून तिच्या पाठीवरची चिठ्ठी वाचत होते, त्यांच्याच अक्षरातली. माझं नाव असलेली मिळाली तेव्हा त्यांनी ती आधी मला दाखवली, कदाचित आपले डोळे फसवतायत असं वाटलं असेल. डबी फुटलेली होती. अर्धी फीत उपसून कधीच रानात गेली होती, अर्धी चाकावर शिल्लक. मामूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. फीत सुरुवातीकडून उपसली जाते. जे चाकाच्या पोटाशी उरतं ते शेवटचं. म्हणजे पाठवणी शिल्लक होती. एसटीत परतताना त्यांनी ती कॅसेट मांडीवर रुमालात धरून ठेवली होती, आणि मामी गेल्यानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी सिनेमाबद्दल बोलले. कुठल्याशा सिनेमात शेवटी खजिन्याची पेटी उघडतात तेव्हा आतला उजेड दिव्याचा असतो, पेटीच्या बुडाला भोक पाडून खालून दिवा धरलेला असतो, असं काहीतरी. मी ऐकत होते. मलाही आशा वाटत होती.

चाक नव्या डबीत बसवायला, तुटलेली जागा सांधायला, फीत पुसायला त्यांना बरेच दिवस लागले. तयार झाल्यावर निरोप आला. बाबा गिरणी बंद करून आले, हे ते सहसा करत नाहीत. आम्ही तिघं स्टुडिओत बसलो. आधी नुसत्या रेघा. मग चित्र थरथरत आलं. मांडवातली माणसं, त्यातली कितीतरी आता नाहीत. माझी आजी. मग आतली खोली, मान खाली घातलेली मी. गाणं नव्हतं. मामूंनी आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर. पडद्यावर मी मान वर केली, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं, हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि हसले.

खरखर तशीच.

मामूंनी मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा. मग यंत्र थांबवून कॅसेट काढली आणि फीत उजेडात धरली. चित्र फितीच्या मधल्या भागात असतं, आवाज वरच्या काठावर, एका बारीक पट्टीत. तो काठ उंदरांनी कुरतडला होता. अगदी बारीक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतके दिवस पुसताना त्यांच्या अधू झालेल्या डोळ्यांना तो दिसला नव्हता. त्यांनी कॅसेट पुन्हा आत घातली आणि मी मान वर करते तिथे चित्र थांबवलं. काचेवर बोट ठेवलं, माझ्या डोळ्यांपाशी. "इथीसा बोलली ती. पाह्य, तू ऐकून राह्यली." बाबा उठले आणि गिरणीकडे गेले. थोड्या वेळाने गिरणीचा पट्टा फिरू लागला. दळण कुणाचंच नव्हतं त्या वेळी.

मला त्यांच्याकडे पाहवेना. काहीतरी द्यावं असं वाटलं. मी म्हणाले, मामू, मला ते वाक्य जसंच्या तसं पाठ आहे, तिच्या ढबीसकट, म्हणून दाखवू का? मी तोंड उघडलंही होतं. त्यांनी घाईने हात वर केला, मारायला आल्यासारखा मी तो चुकवला.

"नको. तू बोलशीन तं मले तुहाच आवाज आठवन. आता थोडा थोडा हाये तिचा, कानात. तोबी पुसून जाईन."

लग्नावर लग्न चढवून खालचं पुसणाऱ्या माणसाला ते माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. त्यानंतर ते वाक्य मी कुणासमोर उच्चारलं नाही. माझी मुलगी रडत शाळेतून आली तरी तिचे डोळे पुसताना मी दुसरंच काहीतरी बोलत असे.

त्या हिवाळ्यात सबा येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली. स्टुडिओला कुलूप लागलं, पुढे तिथे मोबाईलच्या दुरुस्तीचं दुकान झालं. मी अधूनमधून फोन करी. तब्येत बरी आहे म्हणत, नातवंडांसोबत सिनेमे बघतो म्हणत. गलत्या काढता का, असं मी विचारलं तर म्हणाले, आता दिसत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. त्यांचा आवाज दर वेळी थोडा बारीक वाटे. एकदा मी त्यांना हळूच विचारलं की कानात मामीचा आवाज अजून आहे का. म्हणाले, कमी झालाय. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण त्या आधीच ते गेले.

चाळिसाव्याला मी अकोल्याला गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. सबा मला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटून घेतलं. तिने सांगितलं की अब्बू आजारपणात माझ्या कॅसेटची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, अम्मी काय बोलली ते मात्र सांगत नसत, नंदाला माहीत आहे एवढंच म्हणत. तिला स्वतःला अम्मीचा आवाज आठवतो, पण बोलणं आठवत नाही, रोजचं बोलणं कोण लक्षात ठेवतं. "एकदा बोल ना ताई. अम्मी जशी बोलली तसंच."

मी तिला मामूंचं म्हणणं सांगायला हवं होतं. पण ती माझ्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, ऐकायला तयार, आणि तिचे डोळे भरले होते. मी घसा थोडा जाड केला आणि बोलले. डोये पूस आधी. मंग पाहशीन तं वाटन, पोट्टी दिवसभर रडतच होती. सबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाली, "अम्मीच." मग खूप रडली. हलकी झाली असं नंतर म्हणाली.

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून मामीला आठवायचा प्रयत्न केला. खोली आठवली, जनरेटर आठवला, कुणाचं तरी खोकणंही आठवलं. मग वाक्य आलं, आणि ते माझ्याच आवाजात होतं. तेव्हापासून ते तसंच येतं.